वाल्याच्या बायकोचा हिशेब

दिवाळीत भाचा घरी आला होता. ‘ब्रेकिंग बॅड’ तिसऱ्यांदा बघून संपवलेली, त्यामुळे जेवणाच्या ताटावर दुसरा विषय निघणं शक्यच नव्हतं. कर्करोग झालेला एक शिक्षक घरच्यांसाठी म्हणून अमली पदार्थ बनवायला लागतो, त्याची ही अमेरिकन मालिका. स्कायलर ही त्याची बायको. ‘‘मावशी, बाकी सगळं एक नंबर. पण ती स्कायलर डोक्यात जाते.’’ माझ्या मुलीनं आमटीचं पातेलं खाली ठेवलं आणि तिथून तासभर जुंपली. भाच्याचा मुद्दा असा की बाई कजाग, ढोंगी आणि नवऱ्याच्या जिवावर उठलेली. मुलीचा मुद्दा असा की बाई बळी आहे, आणि तिचा राग येणाऱ्यांनी आधी आरशात बघावं. मालिका संपून दशक उलटून गेलं तरी हा वाद जिथं निघेल तिथं याच दोन वाक्यांवर येऊन थांबतो.

मला दोघांचंही पटत नाही. दोघंही एक गोष्ट धरून चालतात, की स्कायलर पहिल्या भागात जी होती तीच शेवटच्या भागात आहे. कजाग तर कजाग, बळी तर बळी. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. 2008 ते 2013 या काळात पाच पर्वांत आणि 62 भागांत या मालिकेतलं सगळ्यात जास्त बदललेलं माणूस म्हणजे स्कायलर व्हाइट. आणि हा बदल मोजायची पट्टी मालिकेनं स्वतःच दिली आहे. ती पट्टी म्हणजे आकडे. स्कायलर हिशेबनीस आहे. मीही तेवीस वर्षं लोकांचे हिशेब लिहिते आणि विवरणपत्रं भरते, त्यामुळे कदाचित माझी नजर तिकडं आधी गेली असेल.

पहिल्याच भागातला एक छोटा प्रसंग घ्या. न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्कीतला रसायनशास्त्राचा शिक्षक वॉल्टर व्हाइट, म्हणजे स्कायलरचा नवरा वॉल्ट, घरी येतो. आपल्याला फुप्फुसाचा कर्करोग झालाय हे त्याला नुकतंच कळलंय. स्कायलर बिलं पुढ्यात घेऊन बसली आहे. ती विचारते, अमुक कार्डावर 15 डॉलर 88 सेंट कसले? तो सांगतो, छपाईचा कागद संपला होता. ते कार्ड आपण वापरत नाही, ती आठवण करून देते. मग विचारते, दिवस कसा गेला? तो म्हणतो, बरा गेला.

प्रेक्षकाला त्या क्षणी बाईचा संताप येतो. माणूस मरायला टेकलाय आणि ही पंधरा डॉलरवरून हुज्जत घालतेय! पण तिला कुठं माहीत आहे? माहीत आहे ते वॉल्टला आणि आपल्याला. लेखकांनी आपल्याला दवाखान्यात नेलं, तिला नेलं नाही. त्या घरात शिक्षकाच्या पगारावर, मोटार धुण्याच्या दुकानातल्या त्याच्या जोडधंद्यावर संसार चालतो, एक मुलगा सेरेब्रल पाल्सीचा आहे आणि दुसरं मूल पोटात आहे. अशा घरात पंधरा डॉलर विचारणारी बाई संसार सांभाळत असते. आपल्याकडे महिनाअखेरीला वाण्याची वही उघडून बसणाऱ्या आईला कोणी कजाग म्हणत नाही. (म्हणतात म्हणा, पण तिच्या माघारी.)

एवढ्यावर निकाल देऊन मोकळं होता आलं असतं तर माझ्या मुलीची बाजू जिंकली असती. स्कायलरची भूमिका करणाऱ्या ॲना गननं ऑगस्ट 2013 मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून हेच मांडलं होतं. या पात्राबद्दलचा द्वेष तिच्या स्वतःपर्यंत, जिवे मारण्याच्या भाषेपर्यंत पोहोचला होता. लोकांच्या मनातल्या आदर्श पत्नीच्या साच्यात स्कायलर बसत नाही, हे त्या द्वेषाचं मूळ आहे, असं तिचं म्हणणं होतं. ते खरंच आहे. त्याच वर्षी आणि पुढच्या वर्षीही तिला या भूमिकेसाठी टीव्हीचा एमी पुरस्कार मिळाला. आपली अडचण मात्र पुरस्कारांनी सुटत नाही, कारण भाच्याकडे पुरावे आहेत, आणि ते किरकोळ नाहीत.

टेड बेनेकी हा त्यातला पहिला. दुसऱ्या पर्वात ती त्याच्या कंपनीत हिशेब लिहायला परत जाते आणि तो उत्पन्न दडवतोय हे तिच्या लक्षात येतं. त्या वेळी तिला नवऱ्याचा धंदा माहीत नाही, कोणाचं दडपण नाही. तरी ती तक्रार करत नाही आणि नोकरीही सोडत नाही. पुढे वॉल्टचं सत्य कळल्यावर ती याच टेडबरोबर झोपते आणि ते वॉल्टला स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सांगते. दुसरा पुरावा अधिक जड आहे. पाचव्या पर्वात मेहुणा हँक, जो अमली पदार्थविरोधी खात्यात अधिकारी आहे, तो तिला हॉटेलात भेटतो, सगळं सांग म्हणतो, समोर रेकॉर्डर ठेवतो. ती सांगत नाही. उलट घरी येऊन नवऱ्याला सुचवते की गप्प राहण्यातच शहाणपण आहे. आणि तिसरा पुरावा तर असा की बळीवाल्यांनी त्याला उत्तर देण्याऐवजी तो प्रसंगच विसरून टाकला आहे. वॉल्टचा धंद्यातला जुना साथीदार जेसी घर पेटवायला आला होता हे कळल्यावर ती वॉल्टला म्हणते, इतकं सगळं झालंच आहे, त्यात आणखी एक गेला तर काय? माणूस मारायची सूचना ती करते. वॉल्ट तेव्हा कचरतो.

हे सगळं मान्य करूनच पुढं जायला हवं. जी बाई हे वाक्य बोलते तिला निव्वळ बळी म्हणणं हा तिचाही अपमान आहे. पण प्रश्न असा, की कार्डावरच्या पंधरा डॉलरसाठी तोंड उघडणारी बाई ‘आणखी एक’ इथपर्यंत आली कशी? कजागपणातून ती तिथं पोहोचली असं म्हणायला मी तरी तयार नाही.

इथं मला वाल्या कोळ्याची गोष्ट आठवते. ती वाल्मीकि रामायणात नाही, नंतरच्या कथांतून आपल्याकडे आली. अनेकांचा त्या गोष्टीवर आक्षेप आहे, तोही मला समजतो. पण आपल्या कानांवर ती लहानपणापासून आहे. वाल्या वाटसरूंना मारतो, एकेका खुनाचा एकेक खडा रांजणात टाकतो, असे सात रांजण भरतात. नारद विचारतो, हे पाप कोणासाठी? घरच्यांसाठी. मग घरच्यांना विचारून ये, ते वाटेकरी होतील का? वाल्या घरी जातो, विचारतो, आणि बायको साफ नाही म्हणते. आम्हाला पोसणं हे तुझं काम, ते तू कसं करतोस हे तुझं तू बघ.

गोष्ट तिथून वाल्याबरोबर वारुळात निघून जाते. त्या बायकोचं पुढं काय झालं, हे आपण कधी विचारलं? रांजण तर घरातच होते ना? खड्यांचा आवाज तिला रोज ऐकू येत असणार. तिनं नाही म्हटलं ते धर्म म्हणून, की सुटका म्हणून?

स्कायलरची पाच पर्वं म्हणजे मला त्या बायकोची न सांगितलेली गोष्ट वाटते. फरक इतकाच, आणि तो फार मोठा आहे, की वाल्यानं निदान विचारलं. वॉल्टनं विचारलं नाही. मालिकेच्या अगदी सुरुवातीला तो वाळवंटात कॅमेऱ्यासमोर उभा राहून घरच्यांना निरोप देतो, की कसंही दिसत असलं तरी माझ्या मनात फक्त तुम्हीच होता. पापाची पहिली नोंद होते तीच बायकोमुलांच्या नावावर, त्यांना पत्ताही नसताना. आमच्या धंद्यात याला बेनामी म्हणतात. पैसा एकाचा, नाव दुसऱ्याचं. आपल्या 1988 च्या कायद्यात, नंतरच्या दुरुस्तीसह, बायकोच्या नावावर घेतलेल्या मालमत्तेला सूट आहे. अट एकच, पैसा ज्ञात उत्पन्नातला हवा. वॉल्ट नेमका तिथं अडला असता.

आमच्या कार्यालयात हे रोज बघायला मिळतं. नवऱ्याच्या फर्ममध्ये बायको भागीदार असते. वर्षातून एकदा ती येते, पर्स मांडीवर घेऊन बसते. कागदांवर जिथं सही हवी तिथं आम्ही पेन्सिलीनं बारीक फुली मारून ठेवलेली असते. ‘‘इथं, वहिनी. आणि इथं.’’ ती फुली शोधत पानं उलटते. मजकूर वाचायला पान थांबवणाऱ्या बायका तेवीस वर्षांत मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या पाहिल्या. त्यातली एखादी थांबली की नवरा खुर्चीत चुळबुळतो आणि म्हणतो, ‘‘अगं, रुटीन आहे.’’ तो रागावलेला नसतो. त्याला फक्त घाई असते. स्कायलरचा राग येणाऱ्या प्रेक्षकाच्या चेहऱ्यावर मला तीच घाई दिसते. गोष्ट रंगात आलीय, प्रयोगशाळा उभी राहतेय, आणि ही मध्येच विचारते, कुठं होतास, दुसरा फोन कुठला, पैसे कुठून आले. मालिका आपल्याला वॉल्टचा भागीदार करून घेते, त्यामुळे तिचे प्रश्न त्याच्याबरोबर आपल्यालाही लागतात.

यावर एक चांगला प्रतिवाद आहे आणि तो भाच्यानंच केला. बाईचा राग हा बाई म्हणून असता, तर ‘बेटर कॉल सॉल’मधल्या किम वेक्सलरला लोकांनी डोक्यावर का घेतलं? त्याच लेखकांचं विश्व, तीच अल्बुकर्की, तीही गुन्ह्यात ओढली गेलेली हुशार बाई. मुद्दा बिनतोड वाटतो. पण किम आणि स्कायलर खेळात शिरतात त्या जागा बघा. किम तिच्या प्रियकराबरोबर, जिमीबरोबर, पहिली फसवणूक करते ती मजा म्हणून, आणि ती मजा आपणही लुटतो. ती आपल्या बाकावर येऊन बसते. स्कायलर येते ती तपासनीस म्हणून. सोबतीनं खेळणारी बाई आवडणं आणि हिशेब मागणारी बाई न आवडणं या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात. किंबहुना नांदतातच, त्याला मालिकाही लागत नाही.

तिसरा साचा आपल्या रंगभूमीनं दिलेला आहे. 1919 मध्ये मंचावर आलेल्या ‘एकच प्याला’तली सिंधू. नवरा दारूत बुडतो, ती लोकांची दळणं दळते, माहेरची मदत नाकारते, नवऱ्याला शब्दानं दुखवत नाही, मरते. तीन पिढ्यांचे रुमाल तिच्यासाठी ओले झाले. गडकऱ्यांचा हेतू दारूचा विनाश दाखवण्याचा होता, सिंधूला आदर्श म्हणून मिरवण्याचं काम बरंचसं प्रेक्षकांनी केलं. सिंधूनं सुधाकराला एकदा जरी विचारलं असतं, की हे पंधरा आणे कशाचे, तर?

आता बदलाकडे येते. तिसऱ्या पर्वात स्कायलर नवऱ्याचं सत्य स्वतः ओळखते. घटस्फोटाची कागदपत्रं तयार करते, त्याला घराबाहेर काढते. तो बळजबरीनं परत घुसतो. ती पोलिसांना बोलावते, पोलीस येतात, आणि काय तक्रार लिहायची हे तिला सांगता येत नाही, कारण खरं सांगितलं तर मुलाला बापाचं खरं रूप कळणार आणि हँकची नोकरी जाणार. मग हँकवर गोळीबार होतो. उपचारांचा खर्च बहिणीला झेपणारा नाही. तेव्हा स्कायलर बहिणीसमोर एक कहाणी रचते, की वॉल्ट पत्त्यांच्या जुगारात कमावतो. ती इतकी सफाईनं खोटं बोलते की वॉल्टसुद्धा बघत राहतो. मेहुण्याच्या पायांसाठी बोललेलं खोटं ही तिची पहिली सही. बघा, इथंही कारण कुटुंबच आहे. वॉल्टचंच वाक्य तिच्या तोंडी येऊन बसलं.

चौथ्या पर्वात फोर कॉर्नर्सचा प्रसंग आहे. चार राज्यांच्या सीमा मिळतात त्या जागी ती तान्ह्या मुलीला घेऊन एकटीच जाते. नाणं उडवते. ते कोलोरॅडोत पडतं. पुन्हा उडवते. पुन्हा कोलोरॅडो. म्हणजे पळून जा. ती क्षणभर बघते आणि पायानं ते नाणं सरकवून न्यू मेक्सिकोत आणते. कोणी जबरदस्ती केली नाही, कोणी बघत नव्हतं. बळीवाल्यांनी हा प्रसंग पुन्हा बघावा. कजागवाल्यांनीही बघावा, कारण नवऱ्याच्या जिवावर उठलेली बाई परत आली नसती. ती परतते आणि म्हणते, या कुटुंबाचं रक्षण करणाऱ्या माणसापासून कुटुंबाचं रक्षण कोणीतरी करायला हवं.

आणि मग ती ते तिला येणाऱ्या एकमेव मार्गानं करते, वह्या नीट ठेवून. मोटार धुण्याचं दुकान विकत घ्यायला लावते, काळा पैसा रोजच्या गल्ल्यात थोडा थोडा मिसळते, न आलेल्या गिऱ्हाइकांच्या पावत्या फाडते. हे भीतीपोटी केलेलं काम आहे, पण त्यात तिला कसबाचा आनंदही मिळतो. तो अभिनयात स्पष्ट दिसतो आणि मला तो ओळखीचा वाटला. तेरीज जुळली की होतो तो आनंद. गुन्हेगार माणसं आकड्यांत पकडली जातात हे तिला माहीत आहे. 1931 मध्ये शिकागोच्या अल कपोनला 11 वर्षांची शिक्षा झाली ती खुनांसाठी नव्हे, प्राप्तिकर बुडवल्याबद्दल, आणि त्याच्याच जुगारअड्ड्याचा हिशेबनीस सरकारी साक्षीदार होता. म्हणूनच टेडच्या कंपनीची तपासणी लागते तेव्हा ती धास्तावते. त्या वह्यांवर तिचीही सही आहे. तिथून धागा थेट दुकानापर्यंत येईल.

वॉल्टचं काय? तोही बदलतो, नाही असं नाही. शिक्षकाचा गुंड करायचा हे निर्माता विन्स गिलिगनचं घोषित सूत्रच होतं. पण पाचव्याच भागात श्रीमंत जुना मित्र उपचारांचा सगळा खर्च द्यायला तयार होतो आणि वॉल्ट नाही म्हणतो. ‘कुटुंबासाठी’ हे कारण तिथंच संपलं. पुढची 57 भागांची वाट ही आत असलेलं बाहेर येण्याची आहे, आणि शेवटच्या भागात तो स्वतःच कबूल करतो की हे मी माझ्यासाठी केलं, मला आवडत होतं. त्याच्यात जे होतं तेच मोठं झालं. स्कायलरच्या बाबतीत मात्र आत नसलेलं काहीतरी तिच्यात आणून भरलं गेलं, थेंबाथेंबानं, आणि एका टप्प्यानंतर तिनं स्वतः भांडं पुढं केलं.

याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा पाचव्या पर्वाच्या मध्यावर आहे. ती वॉल्टला एका भाड्याच्या गोदामात नेते आणि चादर बाजूला करते. नोटांचा ढीग. पलंगाएवढा. तो विचारतो, किती आहेत? ती म्हणते, मला खरंच माहीत नाही. मोजणं तिनं सोडून दिलंय. वजन करून अंदाज घ्यायचा प्रयत्न केला, पण नोटा वेगवेगळ्या किमतीच्या. आता ती फक्त रचते, कोरड्या ठेवते आणि कसर लागू नये म्हणून फवारा मारते. शंभर दुकानं घेतली तरी हा पैसा पांढरा होणार नाही, एवढं तिला कळतं. ‘कसर’ या शब्दाला आपल्याकडे दोन अर्थ आहेत, एक कागद खाणारा किडा आणि दुसरा हिशेबातली तूट. इंग्रजीत लिहिणाऱ्यांना ही सोय नव्हती.

पंधरा डॉलर अठ्ठ्याऐंशी सेंट विचारणारी बाई आणि ‘मला माहीत नाही’ म्हणणारी बाई. मधे दोन वर्षंही गेलेली नाहीत. मालिकेत वॉल्टच्या पन्नासाव्या वाढदिवसापासून पुढच्या वाढदिवसापर्यंत एकच वर्ष सरतं. त्या एक्कावन्नाव्या वाढदिवशी स्कायलर सगळ्यांदेखत कपड्यांसकट घरच्या पोहण्याच्या तलावात उतरते, आणि रात्री वॉल्टला सांगते की मी वाट बघतेय, तुझा कर्करोग परत येण्याची. भाचा म्हणतो हा क्रूरपणा. असेलही. पण आकडे हाताबाहेर गेलेल्या हिशेबनिसाकडे शेवटी तेवढंच उरतं, खातं बंद होण्याची वाट बघणं. नंतर तोच पैसा पिंपांत भरून वाळवंटात पुरला जातो. आठ कोटी डॉलर. पिंपं किती? सात. लेखकांना आपले सात रांजण माहीत असण्याचं काही कारण नाही, तरी मी ते पाहताना एकटीच हसले.

तर मुलीला मी म्हटलं, बळी म्हणून तिला हलकी करू नकोस. भाच्याला म्हटलं, कजाग म्हणून तिला सोपी करू नकोस. भाचा ऐकणारा नव्हता. टेडला तिनं कर भरायला सहा लाखांहून जास्त डॉलर दिले, त्याला घाबरवायला माणसं पाठवली, तो पळताना सतरंजीला अडखळून पडला आणि कायमचा अपंग झाला, त्याचं काय, हा त्याचा प्रश्न. खरं सांगायचं तर त्याला माझ्याकडे उत्तर नाही. मी त्याला फक्त पुढचा प्रसंग आठवतोय का विचारलं. त्याला आठवत नव्हता.

पाचव्या पर्वाचा पहिला भाग. टेड रुग्णालयात खाटेवर आहे, डोक्याभोवती लोखंडी चौकट, मान हलवता येत नाही. स्कायलर दारातून आत येते तेव्हा तिचे डोळे भरलेले आहेत, ती काहीतरी सांत्वनाचं बोलायला आली असावी. टेडला वाटतं ती धमकवायला आली आहे. तो गयावया करतो, मी कोणाला काही सांगितलं नाही, अपघात होता असंच सांगितलं, मला मुलं आहेत. ती ऐकत राहते. आपली भीती वाटणारा माणूस ती बहुधा पहिल्यांदाच बघत असते. चेहऱ्यावरचं पाणी हळूहळू आटतं. मग ती एकच शब्द बोलते. ‘‘छान.’’